लाकडाला अग्निरोधक प्रक्रिया: दोन हात मारून भागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घराच्या दुरुस्तीत छताच्या जुन्या तुळया उघड्याच ठेवायच्या आहेत, बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर लाकडी पट्ट्यांचं पॅनेल येणार आहे, जिना लाकडी आहे आणि त्यावर जुनं पॉलिश आहे, शिवाय बाहेर ओसरीच्या भिंतीला फळ्या लावायच्या आहेत. रंगारी म्हणतो, एका पारदर्शक द्रावणाचे दोन हात मारले की सगळं लाकूड 'फायरप्रूफ' होईल. यावर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. रंगारी मुद्दाम फसवतोय असं नाही, डब्यावर जे छापलंय तेच तो सांगतोय. पण फायरप्रूफ लाकूड नावाची वस्तू अस्तित्वात नाही. प्रक्रिया केलेलं लाकूडही पुरेशा आगीत जळतं. फरक एवढाच, की ते उशिरा पेटतं, ज्वाळा त्यावरून सावकाश सरकते आणि बाहेरची आग हटली की ते बहुधा विझतं. घरातल्या माणसांना बाहेर पडायला मिळणारा वेळ यातूनच येतो, म्हणून ही प्रक्रिया करण्यासारखी आहे. मात्र तुमच्या चार जागांना चार वेगळी उत्तरं आहेत आणि एका डब्यात ती मावत नाहीत.

आधी लाकूड पेटतं कसं ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ज्वाळा दिसते ती लाकडाची नसते, तापलेल्या लाकडातून सुटणाऱ्या वायूंची असते. १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आतलं पाणी निघून जातं. २०० च्या पुढे लाकडातला हेमिसेल्युलोज हा घटक तुटायला लागतो आणि ३०० ते ३५० च्या दरम्यान सेल्युलोज हा मुख्य घटक भराभर फुटून ज्वलनशील वाफा सोडतो. जवळ ठिणगी असली की त्या पेट घेतात, त्यांच्या उष्णतेने शेजारचं लाकूड तापतं आणि आग पुढे सरकते. लिग्निन हा तिसरा घटक मात्र चिवट असतो, त्याचा बराचसा कोळसा होतो.

अमोनियम फॉस्फेटसारखी रसायनं या साखळीत मध्येच हात घालतात. लाकूड तापलं की अमोनिया उडून जातो आणि मागे फॉस्फोरिक आम्ल उरतं. हे आम्ल सेल्युलोजमधलं पाणी ओढून काढतं, त्यामुळे जळाऊ वाफांऐवजी कोळसा आणि पाण्याची वाफ तयार होते. गंमत अशी, की प्रक्रिया केलेलं लाकूड साध्या लाकडापेक्षा कमी तापमानाला काळं पडायला लागतं. ते बघून लोक घाबरतात, पण रसायनाचं काम तेच आहे: वायू होण्याआधी कोळसा करून टाकायचा. बोरॉनची रसायनं वेगळ्या वाटेने जातात, ती वितळून पृष्ठभागावर काचेसारखा थर धरतात. त्यातही नुसता बोरॅक्स ज्वाळेचा फैलाव आवरतो पण धुमसणं थांबवत नाही, बोरिक ॲसिड धुमसणं थांबवतं. म्हणून जुन्या मिश्रणांत दोन्ही एकत्र असत. बोरिक ॲसिड युरोपात २०१० पासून प्रजननाला घातक म्हणून चिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे, त्यामुळे नवी बरीच मिश्रणं बोरॉनशिवाय बनवतात.

ही कल्पना काही आजची नाही. इ.स.पू. ८६ च्या सुमारास रोमन सेनापती सुल्लाने अथेन्सचं बंदर पिरेयसला वेढा घातला, तेव्हा बचाव करणारा सेनापती आर्केलाउसने लाकडी बुरुजाला तुरटी फासली होती आणि रोमनांना तो पेटवता आला नाही, अशी नोंद आहे. १८२१ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने नाटकगृहातल्या कापडासाठी अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि बोरॅक्सची मिश्रणं सुचवली. आजच्या डब्यांमधलं निम्मं रसायनशास्त्र तिथलंच आहे.

आता तुळया. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण दोन अगदी वेगळे प्रश्न एकाच शब्दाखाली विचारले जातात. पहिला: या पृष्ठभागावरून आग किती वेगाने पसरेल? दुसरा: आग लागल्यावर ही तुळई किती वेळ छत धरून ठेवेल? अग्निरोधक द्रावण पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुसऱ्याशी त्याचा फारसा संबंध नाही. एकदा आग भडकली की द्रावण मुरवलेलं लाकूड आणि साधं लाकूड जवळपास सारख्याच वेगाने आत जळत जातं. "ट्रीटमेंट केली, आता तुळई एक तास टिकेल" असं कोणी म्हणालं तर त्याला हिशेब मागा.

हिशेब खरं तर लाकडाच्या बाजूचा आहे. नरम लाकूड आगीत मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या गतीने कोळसा होत जातं, युरोपीय संरचना नियमांत हाच आकडा धरतात. घट्ट, जड लाकडासाठी तो ०.५ च्या आसपास येतो. म्हणजे तासाभरात एका बाजूने साधारण ३९ मिलिमीटर गेलं. त्यामागचं तापून कमजोर झालेलं ७ मिलिमीटर आणखी सोडून द्यायचं. तुमची तुळई २०० मिलिमीटर रुंद, ३०० खोल आणि तीन बाजूंनी उघडी असेल, तर तासानंतर मधे ढोबळमानाने १०८ बाय २५४ चा तुकडा शाबूत उरतो. कोपरे गोल होतात म्हणून प्रत्यक्षात थोडा कमीच धरा. हा उरलेला गाभा छताचा भार पेलतो का, हे संरचना अभियंता सांगेल, रंगारी नाही. जाड तुळईवरचा कोळशाचा थर स्वतःच आतल्या लाकडाचं संरक्षण करतो, त्यामुळे अशा तुळया आगीत अनेकदा अपेक्षेपेक्षा जास्त वेळ उभ्या राहतात.

तुळयांमध्ये मला काळजी वाटते ती सांध्यांची. उघड्या लोखंडी पट्ट्या, बोल्ट आणि खुंट्या लवकर तापतात, ताकद गमावतात आणि उष्णता थेट लाकडाच्या आत नेतात. जुन्या तुळईला दुरुस्तीत लोखंडी पट्टी जोडली असेल तर ती लाकडाने किंवा आगरोधक जिप्सम बोर्डाने झाकून घ्या. तुळयांवर पैसे घालायचेच असतील तर आधी इथे घाला.

पॅनेलची गोष्ट नेमकी उलटी आहे. पट्ट्या पातळ, मधे फटी, मागे हवेची पोकळी. प्रत्येक पट्टीला समोरून, मागून आणि कडांनी आच लागते, आणि उभ्या फटीतून ज्वाळा धुराड्यासारखी वर चढते. खोलीतला सोफा पेटला आणि मागे अशी भिंत असली, तर सगळी खोली एकदम भडकायला फार वेळ लागत नाही. अग्निरोधक प्रक्रियेचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते इथे. आणि इथेच दोन हातांचं गणित कोसळतं.

समजा द्रावणात २५ टक्के क्षार, म्हणजे अग्निरोधक रसायनं, आहेत आणि दोन हातांत मिळून चौरस मीटरला २५० ग्रॅम द्रावण लाकडाने प्यायलं. म्हणजे क्षार गेले साठ-बासष्ट ग्रॅम, तेही वरच्या मिलिमीटरभरात. आता कारखान्यात दाबाखाली मुरवलेलं लाकूड घ्या. क्षारांच्या प्रक्रियेत घनमीटरला साधारण ४० ते ८० किलो कोरडे क्षार आत जावे लागतात. ५० धरले तरी २० मिलिमीटर जाडीच्या फळीत चौरस मीटरला एक किलो झाले. साठ ग्रॅम आणि एक किलो! ब्रशने मारलेलं पातळ द्रावण काहीच करत नाही असं नाही, पण त्यावर वरच्या वर्गाचं प्रमाणपत्र मिळणं कठीण, आणि सुताराने रंधा मारला की तेही गेलं.

दाबाची प्रक्रिया साधारण अशी चालते. कोरडं लाकूड पोलादी टाकीत भरतात, आतली हवा ओढून निर्वात करतात, मग द्रावण सोडून दहा बार किंवा त्याहून जास्त दाब देतात. बाहेर काढल्यावर लाकूड पुन्हा वाळवतात. यातली वाळवण्याची पायरी घाईच्या कामात सर्रास गाळली जाते. लाकूड ओलं लावलं की नंतर आकसतं, सांधे उघडतात, पॉलिश धरत नाही आणि क्षार पांढरे होऊन वर येतात. अमेरिकी पद्धतीत प्रक्रियेनंतर फळ्या १९ टक्के आणि प्लायवुड १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायची अट असते. वाळवण्याची भट्टी फार तापवूनही चालत नाही, नाहीतर रसायन तिथेच लाकूड खायला लागतं. एक बारकी गोष्ट: दोन सुयांचं ओलावा मापक यंत्र अशा लाकडावर टोचून निष्कर्ष काढू नका. क्षारांमुळे वीज जास्त वाहते आणि यंत्र ओलावा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. एक तुकडा कापून, वजन करून, भट्टीत पूर्ण वाळवून पुन्हा वजन केलं की खरा आकडा मिळतो.

वजनाचा काटा आणखी एका कामाला येतो. माल टाकीत जाण्याआधी आणि बाहेर आल्याबरोबर वजन करायला सांगा. घनमीटरला ४०० किलो द्रावण प्यायलं गेलं आणि द्रावण १५ टक्क्यांचं असेल तर ६० किलो क्षार आत गेले. चांगला कारखाना ही नोंद स्वतःहून दाखवतो. जो "आमच्यावर भरवसा ठेवा" म्हणतो, त्याच्याकडून माल घेऊ नये असं माझं मत आहे.

लाकडाची जातही विचारा. पाइनचं फिकट, बाहेरचं लाकूड द्रावण भराभर पितं. सागाचा गाभा, स्प्रूस किंवा डग्लस फरचा गाभा जवळजवळ पीतच नाही. दाब कितीही द्या, रसायन कडांपाशी थांबतं. म्हणून "प्रेशर ट्रीटेड साग" असा भाव आला की मी आधी वजनाची नोंद मागतो. साग दिसायलाच हवा असेल तर प्रक्रिया केलेल्या प्लायवुडवर सागाचा पातळ पापुद्रा हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे. पापुद्रा आणि गोंद धरून तयार झालेल्या पॅनेलची चाचणी झालेली असावी, एवढं बघा.

सुताराला आधीच बजावून ठेवा: चिरणं, रंधा मारणं, खाच पाडणं हे सगळं प्रक्रियेआधी. नंतर लांबी कमी करायला आडवं कापलं तर सहसा चालतं, कारण टोकाचा भाग छोटा असतो. पण फळी उभी चिरली किंवा जाडी उतरवली की सगळ्यात जास्त रसायन असलेला थर भुशात जातो. हा भुसा नाकात जाऊ देऊ नये, आणि उरलेले तुकडे चुलीत घालू नयेत.

प्रमाणपत्र वाचताना दोन पद्धती समोर येतील. युरोपीय वर्गीकरणात साधं लाकूड बहुधा डी वर्गात बसतं, चांगली प्रक्रिया त्याला सी किंवा बी पर्यंत नेते. शेजारी एस आणि डी ही छोटी अक्षरं आकड्यांसह येतात, एस म्हणजे धूर आणि डी म्हणजे जळते थेंब पडणं. जितका आकडा लहान तितकं बरं. घरात माणसं ज्वाळेपेक्षा धुराने जास्त गुदमरतात, म्हणून एसकडे दुर्लक्ष करू नका. अमेरिकी ई-८४ चाचणीत लांब बोगद्याच्या छताला लाकूड लावून ते एका टोकाकडून जाळतात आणि ज्वाळा किती सरकली ते मोजतात. २५ किंवा कमी निर्देशांक म्हणजे क्लास ए. साधी चाचणी १० मिनिटांची असते, दाबाखाली मुरवलेल्या लाकडाला ती वाढवून ३० मिनिटं चालवतात. ब्रशने मारलेले बरेचसे लेप १० मिनिटांना उत्तीर्ण होतात आणि जाहिरातीत तेवढंच सांगतात. कागदावर लाकडाची जात, जाडी, चौरस मीटरला किती ग्रॅम, मागे पोकळी होती की भिंत, वर कोणतं पॉलिश, हे सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या भिंतीवर पोकळी असेल आणि चाचणी भिंतीला चिकटवून झाली असेल, तर तो कागद तुमच्या कामाचा नाही.

विक्रेता फळीवर बर्नर धरून दाखवेल. बघायला मजा येते, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. जाड, साधी फळीसुद्धा आडवी ठेवून मिनिटभर जाळली आणि बर्नर काढला की बऱ्याचदा आपोआप विझते. तसंच वाळवीच्या औषधाचं. त्यातही बोरॉन असतो म्हणून लोक समजतात आगीचंही काम झालं. वाळवीला पुरणारी मात्रा आगीच्या मात्रेपेक्षा कितीतरी कमी असते. तांबं-क्रोमियमचं औषध मारलेलं लाकूड तर ज्वाळा विझल्यावरही आतून बराच वेळ धुमसत राहतं.

आता जिना. तो जागेवर बसलेला आहे, टाकीत जाणार नाही, म्हणून इथे दिसणाऱ्या लाकडासाठी फुगणारा लेप, म्हणजे इंट्युमेसंट कोटिंग, हाच पर्याय. त्यात तीन घटक असतात: आम्ल देणारं अमोनियम पॉलिफॉस्फेट, कोळसा देणारं पेंटाएरिथ्रिटॉल आणि वायू सोडणारं मेलामाइन. उष्णता लागली की लेप फुगून जाड, सच्छिद्र कोळशाचा फेस होतो आणि लाकूड त्याच्या मागे लपतं. कल्पना सुंदर आहे, पण सगळं जाडीवर अवलंबून. कंपनीने चौरस मीटरला ३५० ग्रॅम सांगितले असतील तर ३५०च लागले पाहिजेत. कामाआधी क्षेत्रफळ मोजा, डबे मोजा, काम संपल्यावर रिकामे डबे पुन्हा मोजा. ओल्या लेपात टोचायची दातेरी पट्टी स्वस्तात मिळते, ती रंगाऱ्याच्या हातात द्या. कठड्याच्या कडांवरून लेप ओघळतो आणि तिथेच सगळ्यात पातळ होतो, तर आग कडेपासूनच सुरू होते.

जुनं पॉलिश काढल्याशिवाय हा लेप लावू नका. तापल्यावर खालचं पॉलिश मऊ होतं आणि फुगलेला फेस चादरीसारखा सुटून खाली पडतो. लाकडापर्यंत घासा, तेलकट लाकूड असेल तर सॉल्व्हंटने पुसा, एका कोपऱ्यात नमुना लावून वाळू द्या, सुरीने चौकडी पाडून चिकटपट्टी ओढा. पट्टीबरोबर लेप आला तर पुन्हा घासा. वरचा संरक्षक थरही त्याच कंपनीने सांगितलेला हवा. वर आपल्या आवडीचं जाड पॉलियुरेथेन फासलं तर लेपाला फुगायला जागा राहत नाही. पारदर्शक लेप किंचित दुधाळ दिसतो आणि दमट हवेत आणखी पांढुरका होतो, हे आधीच मान्य करून चला.

पायऱ्यांच्या वरच्या बाजूला मी हा लेप लावत नाही, चपलांनी तो झिजून जातो. आग येते ती खालून, आणि जिन्याखाली आपण काय ठेवतो ते सगळ्यांना माहीत आहे: रद्दी, जुन्या गाद्या, कधी गॅसचा सुटा सिलिंडर. ती जागा आधी रिकामी करा. मग जिन्याच्या खालच्या बाजूला आगरोधक जिप्सम बोर्ड मारा. लाकूड दिसायलाच हवं असं नसेल तिथे बोर्ड हा लेपापेक्षा भरवशाचा.

ओलाव्याचे परिणाम आतही होतात. क्षार हवेतलं पाणी ओढतात. सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तर जुन्या पद्धतीचं प्रक्रिया केलेलं लाकूड घामेजतं, साधे खिळे आणि स्क्रू गंजतात. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलच वापरा. अमोनियमचे क्षार असलेलं लाकूड ओल्या चुन्याला किंवा सिमेंटच्या गिलाव्याला टेकवलं तर अमोनियाचा वास सुटतो, म्हणून गिलावा पूर्ण वाळल्यावरच पॅनेल बसवा. आणि तापणाऱ्या छताखाली जपून. अमेरिकेत १९८० च्या दशकात, जोडघरांमधली आगरोधक भिंत छपराच्या वर काढण्याऐवजी, छपराखाली घातलेलं अग्निरोधक प्लायवुड काही वर्षांतच काळं पडून ठिसूळ झालं, कारण उन्हाने तापलेल्या छतात ते आम्ल आगीची वाट न बघता कामाला लागलं होतं. त्यानंतर जास्त तापमानातली ताकद तपासण्याच्या चाचण्या आल्या. छपराजवळ वापरायचं लाकूड त्यांतून गेलेलं आहे का, हे विचारून घ्या.

राहिली ओसरी. पाण्यात विरघळणारे क्षार पावसात धुऊन जातात. बाहेरून फळी जशीच्या तशी दिसते, आतलं रसायन संपलेलं असतं. बाहेरच्या कामाला लाकडात पक्कं बसणारं, राळेवर आधारित रसायन लागतं, आणि पाणी व ऊन देऊन जुनं केलेल्या नमुन्यावर आगीची चाचणी झालेली लागते. युरोपीय वर्गात त्याला ईएक्सटी असा शिक्का असतो, अमेरिकेत डी-२८९८ प्रमाणे आधी नमुना भिजवतात-वाळवतात. आयएनटी, म्हणजे फक्त आतल्या वापराच्या, शिक्क्याचा माल बाहेर लावायचा नाही, वर कितीही वॉर्निश मारलं तरी. असा माल मिळाला नाही तर भिंतीच्या खिडक्या-दारांवरच्या पट्ट्यात फायबर सिमेंटच्या फळ्या लावा, कारण खोलीतली आग बाहेर पडते ती तिथूनच, आणि लाकूड खाली हाताशी येईल तिथे ठेवा.